हिशेबाला पक्की

दसरा आठवड्यावर आला की ती नंदुरबारच्या बाजारात दिसू लागते. एरवी वर्षभर दुकानाच्या पुढच्या फळीवर शाळेच्या वह्या, कंपासपेट्या आणि डिंकाच्या बाटल्यांचं राज्य असतं. या दिवसांत त्यांना मागे सरकवून ती पुढे बसते. अंगात लाल कापड, त्यावर पांढऱ्या दोऱ्याची उभी-आडवी टीप, पोटाभोवती सुताची दोरी. दर्शनी रूप म्हणावं असं काही नाही. फुलं नाहीत, सुविचार नाही, डोंगरामागून उगवणारा सूर्यही नाही. अलीकडे तिच्या काही धाकट्या बहिणी रेक्झिनचा जाड पोशाख करून, छातीवर सोनेरी गणपती आणि 'शुभ-लाभ' मिरवत येतात. जुनी मात्र अजून कापडातच आहे. तिला कुणी चोपडी म्हणतं, कुणी वही. गुजरात इथून इतका जवळ की नवापूरच्या रेल्वे स्टेशनावर एक बाकडं अर्धं महाराष्ट्रात आणि अर्धं गुजरातेत आहे. अशा मुलखात नावावरून कोण भांडणार?

तिचा पोटापाण्याचा धंदा हिशेबाचा. लक्ष्मीपूजनाच्या संध्याकाळी तिच्या पहिल्या पानावर कुंकवाचं स्वस्तिक निघतं, खाली 'श्री' अक्षराची उतरंड रचली जाते, विड्याचं पान आणि सुपारी तिच्यापुढे येते, आणि लाभपंचमीपासून ती कामाला लागते. पुढे नंदुरबारचा मिरचीचा हंगाम भरात येतो. गावाबाहेरच्या मोकळ्या जागांवर पथाऱ्या पडतात, ओली लाल मिरची वाळायला पसरली जाते, रस्त्याने जाणारा पाहुणा शिंकत शिंकत गावात शिरतो. आडतीवर चोपडी दिवसभर उघडी. नाव, गाव, वजन, भाव, तोलाई, हमाली, आधी घेतलेली उचल, शिल्लक. कुणाच्या घरी लग्न निघालं म्हणून उचल वाढली, कुणाचा बैल गेला म्हणून फेड लांबली, हे सगळं तिच्यासमोर बोललं जातं. ती लिहून घेते फक्त रक्कम.

अशा या बाईला मी रोजनिशीसाठी घरी आणतो. नवी वही घ्यायची आहे, कोणती घेऊ, असं विचारणारी माणसं हल्ली बरीच भेटतात. दिवसभर मोबाइल चोळून कंटाळलेली, रात्री चार ओळी हाताने लिहाव्यात असं मनात आलेली. त्यांना मी चोपडीच्या फळीकडे पाठवतो. रोजनिशीची वही करणाऱ्याला ती विकली गेली की काम संपलं. चोपडी करणाऱ्याचं तसं नव्हतं. तिच्यातल्या एका आकड्यावर कुणाची तरी शेती किंवा दागिने अडकलेले असत, म्हणून तिचा कागद पैशाची काळजी करणाऱ्या माणसांनी पारखून घेतला. वहीची निवड कवींच्या हाती असती तर तिला सुंदर झालर लागली असती आणि पहिल्या पावसात पानं सुटली असती.

घराणं जुनं आहे, आणि खानदेशीच आहे. जळगाव जिल्ह्यातलं एरंडोल एकेकाळी जाड्याभरड्या देशी कागदासाठी नावाजलेलं होतं. यावलचंही नाव त्यात होतं. १९०६ पर्यंत सगळा खानदेश एकच जिल्हा. मग त्याचे पूर्व आणि पश्चिम असे दोन झाले, आणि पश्चिम खानदेशाचा म्हणजे धुळ्याचा तुकडा पडून १ जुलै १९९८ला नंदुरबार वेगळा झाला. म्हणजे एरंडोलचा कागदी आणि नंदुरबारचा पेढीवाला हे कितीतरी काळ एकाच कलेक्टरच्या अमलाखाली होते. तो जुना देशी कागद हातानं व्हायचा. तागासणाच्या जुन्या वस्तू आणि रद्दी चुन्यात भिजवून कुटायची, लगदा पाण्यात कालवून जाळीवर उचलायचा, ताव वाळवायचे, त्यांना खळ लावायची आणि शेवटी गुळगुळीत दगडाने घोटायचं. खळ आणि घोटाई या दोन गोष्टी नसत्या तर बोरूची शाई त्या तावावर टीपकागदासारखी पसरली असती. देशी वह्यांवर रेघा आखलेल्या नसत. ताव उभा दुमडून घड्या पाडत, आणि त्या घड्यांच्या खुणा हेच रकाने. एका घडीत नाव, दुसऱ्या घडीत रक्कम. आजही एखाद्या जुन्या घरात माळ्यावरून असं बाड निघतं तेव्हा पानावर छापील रेघ एकही नसते आणि एकही आकडा आपली जागा सोडून गेलेला नसतो.

आताची चोपडी गिरणीच्या कागदाची. आपल्याला सगळ्यात जवळची मोठी कागदगिरणी म्हणजे नवापूर ओलांडलं की सुरत रस्त्यावर लागणारं सोनगढ. तिथली सेंट्रल पल्प मिल पुढे जेके पेपरकडे गेली. तिच्या जवळ उकाईचं धरण, आणि त्या धरणाचं फुगलेलं पाणी मागे आपल्या नंदुरबार जिल्ह्यात येऊन थांबलेलं. दुकानातल्या प्रत्येक चोपडीचा कागद तिथलाच असतो असं नाही. ताव चारी दिशांनी येतात. पण कागद कशाचा होतो हे त्या रस्त्यावरून जाताना ध्यानात राहतं. बांबूचा धागा लांब, सरासरी दोन मिलिमीटरच्या वर. निलगिरीचा त्याच्या निम्म्याहून कमी. लांब धागा कागदाला बळ देतो, आखूड धागा गुळगुळीतपणा देतो, आणि चांगला कागद दोघांचा मेळ घालतो. उसाच्या चिपाडाचाही कागद होतो. रद्दीचाही होतो, पण दर फेरीला धागा आणखी तुटतो, म्हणून नुसत्या रद्दीच्या कागदाची घडी दोन-चारदा उघडमीट केली की घडीवर भेग पडते.

"हात लाईसन देखा ना, भाऊ," दुकानदार म्हणतो. मी हात लावतो. हे त्यालाही आवडतं. चोपडीला हात न लावता छापील किंमत बघणारं गिऱ्हाईक त्याला फारसं पटत नाही. पान चिमटीत धरून हलवलं की ते बोलतं. कडक कागद खडखडतो, मऊ कागद गप्प लोळतो. मग तेच पान उजेडासमोर धरायचं. चांगल्या कागदात उजेड सगळीकडून सारखा येतो. वाईट कागदात ढग दिसतात, इथे दाट, तिथे विरळ. लगदा जाळीवर नीट पसरला नव्हता याची ती खूण, आणि विरळ जागी शाई हमखास आरपार जाते. दुकानातल्या ट्यूबलाइटखाली मात्र रंगावर जाऊ नये. निळसर पांढराशुभ्र दिसणाऱ्या कागदात बहुधा चकाकी आणणारं रसायन असतं. ते अतिनील किरण पिऊन निळा उजेड बाहेर टाकतं आणि कागद आहे त्याहून गोरा दिसतो. कागदाच्या व्यापारात ज्याला 'नॅचरल शेड' म्हणतात तो फिकट सायीचा रंग डोळ्याला बरा आणि रात्रीच्या दिव्याखाली अधिकच बरा. चोपडी पूर्वीपासून सावळीच आहे. तिला गोरं करायच्या नादात तिचा पिंडच हरवला तर काय उपयोग?

तिचं वजन हा नाजूक विषय. वहीच्या मागच्या बाजूला जीएसएम छापलेला असतो, म्हणजे एक चौरस मीटर कागदाचं वजन किती ग्रॅम. शाळेच्या वह्या साधारण ५४ ते ६०च्या आसपास, जरा बऱ्या वह्या ७०, त्याहून वरच्या ८० आणि पुढे. आकडा छापलेला नसेल तरी अडत नाही. ए-फोर आकाराचे १६ कागद म्हणजे जवळजवळ एक चौरस मीटर, ए-फाइव्हचे ३२. तेवढे सुटे कागद किराणा दुकानातल्या इलेक्ट्रॉनिक काट्यावर ठेवले की जितके ग्रॅम दिसतील तितका जीएसएम. शिवलेली वही सुटी करता येत नाही, पण दोन सारख्या वह्यांची तुलना तर करता येते. ए-फाइव्हची २०० पृष्ठं म्हणजे १०० कागद. ५४ जीएसएमचा असेल तर नुसता कागद १६८ ग्रॅम भरेल, ७०चा असेल तर २१८. पन्नास ग्रॅमचा फरक. मिरचीच्या वखारीतल्या काट्याला पन्नास ग्रॅम ओळखीचेसुद्धा नसतील. वाण्याचा काटा ते लगेच सांगतो, आणि वाणी तोपर्यंत आपल्याकडे संशयाने बघत असतो.

पण वजनदार म्हणजे गुणी, हा समज चोपडीनेच मोडून काढला आहे. जाड कागदही बिनखळीचा असेल तर शाई पितो आणि वर फुगतो. उलट जपानचा टोमोए रिव्हर नावाचा कागद अवघा ५२ जीएसएमचा, इतका पातळ की मागचं अक्षर दिसतं, तरी त्यावर फाउंटन पेनची शाई फुटत नाही आणि आरपार जात नाही. जगभरचे शाईवेडे त्याच्यासाठी जीव टाकतात. सगळा खेळ आतल्या खळीचा आहे. पूर्वी ती भाताची किंवा गव्हाची असे. गिरण्या आल्यावर राळ आणि तुरटी आली. तुरटीने कागद आंबट होतो, आणि आंबट कागद काही दशकांत पिवळा पडून कडेला तुटू लागतो. आजोबांच्या काळची पुस्तकं हातात घेतली की बोटांना भुगा लागतो तो त्याचाच. आता बऱ्याच गिरण्या आम्लरहित खळ आणि खडूची पूड वापरतात, तो कागद जास्त टिकतो. गिरणीत कॉब नावाची एक चाचणी करतात: कागदावर पाणी ठेवायचं आणि ६० सेकंदांत दर चौरस मीटरला किती ग्रॅम पाणी त्याने प्यायलं ते तोलायचं. दुकानात एवढा खटाटोप कोण करू देणार! तिथे आपलं पेन खिशातून काढावं, दुकानदाराची परवानगी घेऊन शेवटच्या पानाच्या कोपऱ्यात एक जाड टिंब द्यावं, पेन तिथेच मनात तीन मोजेपर्यंत दाबून धरावं आणि पान उलटावं. टिंबाला पाय फुटले तर शाई फुटते. मागे डाग आला तर त्या वहीची दोनशे पृष्ठं नाहीत, शंभरच आहेत.

हे शेवटचं गणित आपण करत नाही. समजा एक वही साठ रुपयांची, दोनशे पृष्ठं, पण एकाच बाजूने लिहिता येते. दुसरी शंभराची, तेवढीच पृष्ठं, दोन्ही बाजू चालतात. पहिलीत लिहिण्याजोगं पान साठ पैशांना पडलं, दुसरीत पन्नासला. स्वस्त वही महाग पडते ती अशी, आणि चोपडीच्या घरात हा हिशेब कुणी शिकवावा लागला नाही. शाई फुटलेली तिला परवडणारीच नव्हती. देवनागरी आकड्यांत '१'च्या टोकाला शाईची शेपटी फुटली की तो '९' दिसू लागतो, आणि एका क्विंटलचे नऊ झाले की आडतीवर जे होतं त्याला भांडण हा शब्द अपुरा आहे. फाउंटन पेन वापरणाऱ्याने खळ तपासावी. बॉलपेन वापरणाऱ्याला तिची तितकी फिकीर नको, कारण त्याची शाई तेलकट आणि घट्ट. त्याने जाडी बघावी, नाहीतर दाबून लिहिणाऱ्या हाताची अक्षरं पुढच्या चार पानांवर उठतात.

तिच्या स्वभावातली मला सगळ्यात आवडणारी गोष्ट मात्र कागदात नाही, शिवणीत आहे. चोपडी जुजबंदीची. ताव दुमडून त्यांचे जुज करायचे, प्रत्येक जुज मधोमध दोऱ्याने शिवायचा, मग सगळे जुज एकमेकांत ओवायचे. अशा वहीतलं एक पान फाडलं की त्याच्या जोडीचं, पलीकडच्या बाजूचं पान सैल होतं आणि काही दिवसांत गळून पडतं. लपवाछपवी उघडी पडते. स्पायरलच्या वहीतून पान ओढून काढलं तर कुणाला पत्ता लागत नाही, डिंकाने चिकटवलेल्या वहीतही ब्लेडने सफाईने काम होतं. कायद्याने चोपडीला साक्षीदार मानलं ते काही उगाच नाही. १८७२च्या पुरावा कायद्याचं ३४ वं कलम तिचंच होतं. आता १ जुलै २०२४पासून लागू झालेल्या भारतीय साक्ष्य अधिनियमात ते २८ वं झालं आहे. धंद्याच्या ओघात नियमाने लिहिलेल्या हिशेबाच्या वहीतली नोंद पुराव्यात घेता येते, पण नुसत्या तिच्या शब्दावर कुणावर देणं लादता येत नाही, असं ते म्हणतं. तिला कोर्टात बोलू देतात, ऐकून घेतात, आणि मग विचारतात, आणखी कोण आहे तुझ्या बाजूने? रोजनिशी लिहिणाऱ्याला हा नियम फारसा परका वाटू नये. आपण रात्री रागाने जे लिहितो तेही एकट्याच्या जिवावर खरं धरण्यासारखं नसतंच. पण फाडू नये. रात्रीच्या रागाचं पान सकाळी फाडायला गेलं की चोपडी जोडीचं पान सैल करून दाखवते, आणि त्या जोडीच्या पानावर बहुतेक वेळा काहीतरी चांगलं लिहिलेलं असतं.

शिवणीचा दुसरा फायदा सोपा: ती सपाट उघडते. वही मधोमध उघडून टेबलावर सोडावी आणि हात काढून घ्यावा. आपोआप मिटली तर लिहिताना एक हात तिला धरण्यातच जाईल. इथे कागदाची आडवी-उभी जातही बघावी. यंत्रावर कागद धावताना धागे बरेचसे धावण्याच्या दिशेने झोपतात. त्या दिशेने कागद सरळ फाटतो, आडवा फाडला तर वेडावाकडा. चांगला बांधणारा ही दिशा पाठीला समांतर ठेवतो. कारण हवेतला ओलावा प्यायला की धागा लांबीत फारसा वाढत नाही, रुंदीत फुगतो. दिशा समांतर असेल तर पान बाहेरच्या कडेकडे निमूट पसरतं. आडवी असेल तर ते पाठीच्या बाजूने वाढू बघतं, शिवण त्याला वाढू देत नाही, आणि पानाला लहरी पडतात. उन्हाळ्यात तापीकाठची हवा कागदातला ओलावा ओढून घेते. पानं वाळतात, कडा करकरीत होतात. मग आषाढ येतो. नंदुरबारात निदान अधूनमधून उघाड पडते. वर साताऱ्या-महाबळेश्वराची आठवण करून देणारं तोरणमाळ, किंवा धडगावकडचे पाडे घ्या, तिथे कागद आठवडाभर सादळलेलाच. अंगणवाडीच्या सेविका आणि आशाताई तिथल्या डोंगरवाटांवर जी रजिस्टरं पिशवीत घालून फिरतात, त्यांच्या पानांच्या कडा बघितल्या की कुठल्या कागदाने काय सोसलं ते कळतं. वही विकत घ्यायच्या आधी अशी दोन-चार वापरलेली रजिस्टरं चाळायला मिळाली तर नुसत्या जाहिराती वाचण्याची गरज उरणार नाही.

नातेवाईक तिला खूप आहेत. शाळेची दोनशे पानी गरीब आणि सरळ. दोन पिनांवर संसार, कागद पातळ, पण बॉलपेनने लिहिणाऱ्याला ती कधी दगा देत नाही, आणि रोजनिशीला तीच पुरते असं कुणी म्हटलं तर मी वाद घालणार नाही. कंपनीकडून जानेवारीत फुकट येणारी डायरी वेगळी. तिच्या प्रत्येक पानावर तारीख छापलेली असते. आनंद मोठा असो की छोटा, दिवसाला एकच पान, आणि चार दिवस लिहायचं राहिलं तर ती कोरी पानं वर्षभर आपल्याकडे बघत बसतात. चोपडीला तारीखच नाही. आपण लिहू त्या दिवशी तिचा दिवस उगवतो. ऑनलाइन मागवलेली, कातड्याचं कव्हर, इलॅस्टिक आणि रेशमी फीत असलेली एक पाहुणी आहे. कागद तिचा खरंच उत्तम असतो. पण तिच्यात लिहायचं म्हणजे काहीतरी महान सुचायला हवं असं माणसाला वाटतं, आणि भाजीवाल्याने सुटे दिले नाहीत हे तिच्यात लिहायला हात धजत नाही. चोपडीत भाजीवाल्याचं नाव पहिल्याच दिवशी लागतं.

सरकारही या नात्यागोत्यात पडलं आहे. २२ सप्टेंबर २०२५पासून शाळेच्या वहीवरचा जीएसटी १२ टक्क्यांवरून शून्यावर आला. हिशेबाची पुस्तकं, रजिस्टरं आणि डायऱ्या मात्र १८ टक्क्यांतच राहिल्या. एकाच कागदाची दोन भावंडं, एकीला माफी आणि दुसरीला पावती. म्हणजे मुलाने निबंध लिहिला तर कर नाही, बापाने दिवसभरात काय झालं ते लिहायला डायरी घेतली तर आहे. तरीही मी चोपडीच घेतो, कारण तेवढा पैसा आरपार न जाणाऱ्या पानांतून वसूल होतो. पण ज्याला काटकसर करायची त्याने हा फरक ध्यानात ठेवायला हरकत नाही.

आता तिचं वय झालं आहे, हे लपवण्यात अर्थ नाही. आडतीवर संगणक आला, हिशेब सॉफ्टवेअरमध्ये गेला. जीएसटीच्या कायद्याने वार्षिक विवरणपत्राच्या शेवटच्या तारखेपासून ७२ महिने हिशेब जपून ठेवावा लागतो, पण तो आता डिस्कवरही चालतो. पुष्कळ पेढ्यांवर चोपडी फक्त पूजेला येते. स्वस्तिक काढून, 'श्री' लिहून ती देव्हाऱ्याशेजारी ठेवली जाते आणि पुढच्या दिवाळीपर्यंत कुणी उघडत नाही. याचा परिणाम तिच्या कागदावर झाला आहे. जिच्यात कुणी लिहिणारच नाही तिला चांगला कागद कशाला, असा विचार करणारे बांधणीवाले आहेत. म्हणून दसऱ्याच्या बाजारातल्या दोन चोपड्या बाहेरून सारख्या लाल असतात आणि आतून एक कसलेली, दुसरी पोकळ. नुसतं कापड बघून घेऊ नये. पूजेची आणि कामाची यांत दुकानदार स्वतः फरक करतो. त्याला विचारलं की तो खरं सांगतो, कारण पूजेची चोपडी कामाला दिली तर गिऱ्हाईक दुसऱ्या महिन्यात तक्रार घेऊन येणार हे त्याला ठाऊक असतं.

पण पूर्ण निवृत्त ती झालेली नाही. देशातलं पहिलं आधार कार्ड २९ सप्टेंबर २०१० रोजी याच जिल्ह्यातल्या टेंभली गावात दिलं गेलं. बोटाचा ठसा, डोळ्याची बुबुळं, बारा आकडी नंबर. त्यानंतर इतकी वर्षं गेली, तरी जिल्ह्यातल्या खेड्यापाड्यांच्या किराणा दुकानांत तेल-साखरेची उधारी अजून वहीतच लिहिली जाते. गिऱ्हाईक स्वतः वाकून बघतं, मागच्या आठवड्याचं कलम बरोबर आहे ना ते तपासतं, आणि थुंकीचं बोट लावून पान उलटतं. त्या थुंकीच्या बोटाला पुरून उरणं ही कुठल्याही प्रयोगशाळेत न लागणारी परीक्षा. चांगल्या चोपडीचा खालचा कोपरा वर्षाअखेर काळा पडतो, पण सोलत नाही.

कधी घ्यावी, हे शेवटचं. सगळे दसऱ्याला घेतात, तेव्हा ती भावाने चढलेली आणि नवी कोरी असते. नव्या वहीत कुठलाच दोष दिसत नाही. मी आषाढात जातो. त्या दिवसांत चोपडी कुणी मागत नाही. दुकानदार माळ्यावर चढतो, मागच्या हंगामातल्या उरलेल्या दोन-चार खाली काढतो, फडक्याने धूळ झटकतो. त्यांनी एक उन्हाळा पत्र्याखाली काढलेला असतो आणि पावसाची ओल अंगावर घेतलेली असते. एकीच्या पानांना लहरी पडलेल्या असतात. दुसरीच्या पाठीतून कसर निघते. तिसरी उघडावी तर पानं सपाट, कडा सरळ, शिवण घट्ट, आणि टिंब देऊन उलटलं तर मागे काही नाही.

"हाई लई जा," दुकानदार म्हणतो, "दहा रुपये कमी दे. पण भाऊ, चोपडी दिवाळीले लेतस, तू आत्ते काय करशी?"

"आजची तारीख लिहीन," मी म्हणतो, आणि पैसे मोजतो.